वळणावर नाक बाहेर पळतं, जाड स्वे बार टाकू का?

(वाचकाचं पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

ताई, माझं वय २७. घरात एकच गाडी, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, पाच वर्षं झाली. मी आणि बाबा दोघं चालवतो. वळणावर गाडी बोटीसारखी कलते आणि जरा वेगात घेतलं की स्टिअरिंग फिरवूनसुद्धा नाक सरळच जायला बघतं. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत पण नक्षी भरपूर शिल्लक आहे, आणि मायलेजसाठी हवा थोडी जास्तच ठेवतो. मित्राने त्याच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे जाड स्वे बार (गाडीचं कलणं कमी करणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई) टाकलेत, म्हणतो आता रुळावरून गेल्यासारखी वळते. तो म्हणतो मागे १८ चा असेल तर सरळ २२ चा टाक, चारच मिलिमीटरचा तर फरक. मेकॅनिक म्हणतो कंपनीने विचार करूनच दिलंय, हात लावू नकोस. पुढे टाकू, मागे टाकू, दोन्हीकडे टाकू की काहीच नको? आणि बाबांना सांगायचं का, कारण ते नाहीच म्हणणार.

*

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पण मनातल्या मनात तुझ्यासाठी बार निवडायला लागले होते (सवय, काय करणार), दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू दोन वेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात बांधून टाकल्यास. गाडी कलते ही एक, आणि नाक बाहेर पळतं ही दुसरी. तुला वाटतंय कलते म्हणून पळते, आणि म्हणून कलणं थांबवलं की पळणं थांबेल. बहुतेक लोकांना असंच वाटतं, मलाही कित्येक वर्षं वाटायचं. पण तसं नाहीये.

गो-कार्ट बघ. सस्पेन्शनच नाही, कलायचा प्रश्नच नाही, तरी वळणावर टायर सोडून घसरतेच की. म्हणजे कलणं आणि घसरणं यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही. वळताना आतल्या चाकांवरचा भार उतरून बाहेरच्या चाकांवर जातो, आणि किती जातो ते ठरतं गाडीचं वजन, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि तू किती जोरात वळतोयस यावर. समज गाडी १००० किलोची आहे, वजनाचा मध्य ५० सेंटिमीटर उंच, चाकांमधलं अंतर दीड मीटर, आणि तू गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराने वळतोयस, तर २०० किलो आतून बाहेर जाणार. आता तू हाताच्या मनगटाएवढे जाड बार लावलेस तरी जवळपास २०० च जाणार. कलल्यामुळे वजनाचा मध्य थोडा बाहेर सरकतो त्याचा फरक पडतो पण तो किरकोळ. बार लावल्याने हा भार गायब होत नाही, गाडी फक्त कमी झुकून तोच भार नेते.

मग बार करतो काय? पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना जोडणारी, दोन्ही टोकांना वाकवलेली स्प्रिंग स्टीलची सळई. दोन्ही चाकं एकदम वर आली, म्हणजे स्पीड ब्रेकरवर वगैरे, तर ती आपल्या बुशमध्ये (तिला धरणाऱ्या रबरी आधारात) नुसती फिरते, काही करत नाही. पण एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की तिला पीळ बसतो आणि ती त्या पिळाला विरोध करते. बस एवढंच, १९१९ साली कॅनडात याचं पेटंट मिळालं होतं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. आता गंमत इथे आहे की ज्या बाजूचा बार जाड, पुढचा किंवा मागचा, त्या बाजूने त्या २०० किलोतला जास्त वाटा उचलायचा. आधी समज पुढच्या चाकांमध्ये १२० किलो इकडून तिकडे जात होते आणि मागच्यांमध्ये ८०. मागे जाड बार टाकला की मागे होतात ९५ आणि पुढे उरतात १०५. बेरीज तीच, वाटणी बदलली.

आणि वाटणीने फरक का पडतो, तर टायरला भार दुप्पट दिला म्हणून पकड दुप्पट मिळत नाही. दोन्ही हातात एकेक जड पिशवी घेऊन आपण बरंच अंतर आरामात चालतो, त्याच दोन्ही पिशव्या एका हातात घे, तो हात दोन हातांचं काम करत नाही आणि मोकळा हात तर काहीच करत नाही. टायरच्या जोडीचं तसंच. ज्या जोडीत भाराची उलथापालथ जास्त त्या जोडीची मिळून पकड कमी. म्हणून मागे जाड बार टाकला की मागची पकड थोडी कमी होते आणि पुढची थोडी वाढते, आणि तुझं ते बाहेर पळणारं नाक, ज्याला अंडरस्टिअर म्हणतात, ते कमी होतं. नीट वाच हां, मागची कमी होते. लोक हे वाक्य अर्धंच सांगतात.

आता तुझ्या मित्राचं. त्याने पुढे-मागे दोन्हीकडे जाड टाकले म्हणजे त्याने दोन्ही वाटेकऱ्यांना ताकद दिली, वाटणी बहुतेक आधी होती तशीच राहिली. गाडी सपाट राहते, स्टिअरिंग फिरवलं की लगेच बसते, डावीकडून उजवीकडे पटकन घेताना तर खूपच मस्त वाटतं, आणि हा आनंद खोटा नाहीये हे मी आधीच कबूल करते. ते झटपट उत्तर देणं खरंच होतं. पण शेवटी किती वेगात टायर सोडणार आणि कुठले आधी सोडणार हे त्याच्या गाडीत फारसं बदललं असेल असं मला वाटत नाही, उलट आता गाडी झुकून इशारा देत नाही म्हणून तो आधीपेक्षा जास्त वेगाने वळणात शिरत असणार आणि त्याला तेच सुधारणा वाटत असणार. कलणं ही एक प्रकारे गाडीची भाषा असते, ती कलतेय म्हणजे सांगतेय की बाबा रे पुरे. अर्थात फारच बडबडी गाडी पण नको, तेही मान्य.

पुढचा बार जाड करायच्या भानगडीत तू तरी पडू नकोस. तुझ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं नाकात, म्हणजे एकूण वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढच्याच टायरवर, त्यांनीच वळवायचं, त्यांनीच ओढायचं, ब्रेक लावला तर बराचसा भार परत त्यांच्यावरच. आधीच दमलेल्या माणसाला आणखी काम. त्यात साध्या डिफरन्शिअलमध्ये (इंजिनची ओढ दोन चाकांत वाटणारा भाग) आतलं चाक हलकं झालं की ते जागच्या जागी फिरायला लागतं आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की ओढच मिळत नाही, आणि पुढचा जाड बार नेमकं आतलं चाक हलकं करतो. एक अपवाद सांगते कारण कुणीतरी तुला सांगणारच. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेलं सस्पेन्शन) असतात त्या गाड्या जास्त कलल्या की बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं आणि टायर कडेवर चालतो, अशा वेळी पुढचा बार थोडा जाड केल्याने टायर जमिनीवर नीट टेकतो आणि पुढची पकड वाढतेसुद्धा. हे खरं आहे, पण ते चिकट टायर लावून ट्रॅकवर सेकंद मोजणाऱ्यांचं गणित. रोजच्या गाडीला नाही.

चार मिलिमीटरचं बोलू. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १८ चा २० केलास तर बार ५२ टक्के कडक होतो. १८ चा २२ केलास तर सव्वादोन पट! चारच मिलिमीटर. (पूर्ण गाडी सव्वादोन पट कडक होत नाही, स्प्रिंगचा पण वाटा असतो, पण बार होतो.) त्यात बाजूच्या हाताची, म्हणजे बारच्या वाकवलेल्या टोकाची, लांबी कमी केली की कडकपणा लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दोन वेगवेगळ्या आकाराच्या बारांची नुसती जाडी बघून तुलना करणं पण चूकच. पोकळ बार मिळतात ते कमअस्सल नसतात बरं का, २२ चा बार आतून १४ ने पोकळ असेल तर वजन सुमारे ४० टक्के कमी होतं आणि कडकपणा फक्त १६ टक्के, कारण पिळाचं काम बाहेरची कडाच करत असते.

आणि मुळात तुझ्या गाडीला मागे वेगळा बार आहे का, ते कुणी खाली वाकून बघितलंय का? तू लिहिलंयस १८ चा "असेल तर". बऱ्याच छोट्या फ्रंट व्हील गाड्यांना मागे ट्विस्ट बीम असतो, दोन चाकांना जोडणारा आडवा पत्र्याचा जाडजूड तुकडा, तो स्वतःच पीळ खातो आणि बारचंच काम करतो. लोक खाली बघतात, सळई दिसत नाही, आणि म्हणतात कंपनीने पैसे वाचवले. वाचवले असतील, पण बारचं काम तिथे होतंय. काही गाड्यांमध्ये तर बीमच्या आतच सळई वेल्ड केलेली असते, ती बाहेरून दिसणारच नाही. अशा गाडीला बाहेरून जोडायचे बार मिळतात, पण ते बीमचा असलेला कडकपणा अधिक स्वतःचा असे काम करतात, त्यामुळे १८ आणि २२ ही भाषाच तिथे लागू होत नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी का इतकी मागे लागलेय ते कळेल. माझ्या पहिल्या हॅचबॅकला मी मागे जाड बार टाकला होता, त्याला टोकाला तीन भोकं होती (जितकं आतलं भोक, तितका हात आखूड आणि बार कडक), मी अर्थातच सगळ्यात कडक भोकाला लावला कारण मऊ सेटिंग म्हणजे कमीपणा असं तेव्हा वाटायचं. कोरड्या रस्त्यावर दोन आठवडे नुसती हवेत होते. नाक असं आत शिरायचं की विचारू नकोस, एक दोनदा मागचं आतलं चाक हवेत उचललेलं मैत्रिणीने बाहेरून बघितलं, त्याचाही मला अभिमान. (ते चाक उचललं जाणं फ्रंट व्हील गाड्यांमध्ये नवीन नाही, प्यूजो २०५ जीटीआय आणि गोल्फ जीटीआयचे तसले फोटो जगभर फिरलेत, आणि एकदा चाक हवेत गेलं की मागचा बार आणखी काही देऊ शकत नाही, त्याच्याकडे द्यायला उरलेलं नसतं.) मग पहिला पाऊस पडला. उताराचं वळण, वेग काही फार नाही, समोर एक सायकलवाला दिसला म्हणून मी कुणीही करेल तेच केलं, ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला. भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली, आधीच त्यांची पकड मी कमी करून ठेवलेली, आणि गाडी मागून सुटून गर्रकन फिरली. थांबली तेव्हा मी आले त्या दिशेला तोंड. कुणाला काही लागलं नाही, सायकलवाला माझ्याकडे बघत बघत निघून गेला. घरी जाऊन त्याच संध्याकाळी बार सगळ्यात मऊ भोकाला लावला.

म्हणून तुझ्या मेकॅनिकला मी अर्धे मार्क देते. कंपनी विचार करूनच देते हे खरं, आणि तो विचार असा असतो की दचकलेला माणूस पाय उचलतो आणि स्टिअरिंग फिरवतो, तर दचकलेल्या माणसाने तसं केल्यावर गाडी सरळ व्हावी, फिरू नये. नाक बाहेर पळणारी गाडी पाय उचलला की हळू होते आणि परत वळायला लागते, मागून सुटणारी गाडी पाय उचलला की आणखी सुटते. त्यामुळे तुला जो दोष वाटतोय तो बऱ्याच अंशी मुद्दाम ठेवलेला आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग, हात लावूच नकोस, तो मला पटत नाही, कारण कंपनी एकच गाडी सगळ्यांसाठी बनवते, पाच माणसं आणि सामान भरून नेणाऱ्यासाठी पण आणि तुझ्यासारख्यासाठी पण, खर्च बघते, आरामही बघते. त्यात तुझ्या बाजूने थोडं सरकवायला जागा असते. थोडं.

पण त्याआधी, आणि हे वाचून तुझा हिरमोड होणार आहे, तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहून पाठवलंयस. पाच वर्षांचे टायर आणि जास्तीची हवा! टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही, नखाने दाबून बघ आणि शेजारी नवीन टायर दाबून बघ. शिवाय गाडीबरोबर येणारे टायर बरेचदा मायलेज आणि टिकाऊपणा डोळ्यासमोर ठेवून निवडलेले असतात, वळणं डोळ्यासमोर ठेवून नाही. हवेचं म्हणशील तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो, त्यावरचा आकडा, टायर थंड असताना, बस तेवढाच. खूप जास्त हवेने टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो. तू पुढच्या टायरकडून पकड काढून घेतोयस आणि ती परत मिळवायला मागे बार लावायला निघालायस, असं होतंय ते.

बारने जमिनीवर एक ग्रॅमसुद्धा नवीन पकड येत नाही रे. आणतो फक्त टायर.

मग जरा गाडी खालून बघून घे. खड्ड्याखड्ड्यांवर टक टक आवाज येतो का? येत असेल तर स्वे बारच्या लिंक रॉडचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचे) बॉल सैल झालेले असू शकतात, नाहीतर बारची रबरी बुश झिजलेली, म्हणजे आत्ता जो बार आहे तोच धड काम करत नाहीये, आधी सैलपणा संपवून मग पीळ खातोय. लिंक आणि बुश हे सगळ्यात स्वस्तातलं काम आहे आणि पाच वर्षांच्या गाडीत लोअर आर्मची बुश पण बघायलाच हवीत. शॉकअप गळतायत का बघ. व्हील अलाइनमेंट करून आकडे छापून घे, नुसतं झालं म्हणून सोडू नकोस. आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर तू लिहिलं नाहीस, नाक दोन्हीकडच्या वळणांवर सारखंच पळतं की एकीकडे जास्त? एकीकडे जास्त असेल तर बारचा विषयच नाही, अलाइनमेंट, वाकलेला एखादा आर्म किंवा दोन बाजूंच्या वेगळ्या टायरचा विषय आहे.

आणखी एक, रागावू नकोस. तेच वळण ५० ऐवजी ६० ने घेतलं तर टायरकडून ४४ टक्के जास्त जोर मागितला जातो, कारण वेगाचा वर्ग होतो. मागचा बार बदलून पुढे मिळणारी पकड याच्या जवळपास पण जात नाही. वळणात शिरल्यावर नाक पळायला लागलं की आपण आणखी स्टिअरिंग फिरवतो, पण टायर एका ठराविक कोनाच्या पुढे आणखी वळवला की जास्त वळत नाही, नुसता घासत जातो. तिथे स्टिअरिंग थोडं सोडायचं असतं आणि ॲक्सिलरेटर हळू कमी करायचा असतो, उलटं वाटतं पण नाक परत धरतं. आणि ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर, आणि पाय काढायचा तो हळूहळू, म्हणजे पुढच्या टायरवर थोडा भार राहतो आणि गाडी आत शिरते. हे फुकट आहे आणि प्रत्येक गाडीत चालतं, पुढच्या गाडीत बरोबर नेता येतं. बार नेता येईलच असं नाही.

एवढं सगळं करूनसुद्धा नाक पळतंच असेल आणि हौस पण असेल (हौस हे पूर्ण वैध कारण आहे, माझी सगळी गाडी हौसेवर चालते), तर मग फक्त मागचा बार, आणि एकच पायरी वर. वेगळा बार असेल आणि खरंच १८ चा निघाला, व्हर्निअरने मोजून, तर १९ किंवा २०. भोकांचा ॲडजस्टेबल मिळत असेल तर उत्तम, पण सगळ्यात मऊ भोकाला लावून सुरुवात करायची, माझ्यासारखं नाही. मित्राच्या गाडीचा काढलेला बार बसतोय म्हणून लावू नकोस, चाकांमधलं अंतर आणि बारचे हात वेगळे असतात, आणि बार जिथे बोल्ट होतो ते ब्रॅकेट कंपनीने जुन्या बारच्या जोराच्या हिशोबाने केलेलं असतं, खूप जाड बारने ते तडकतं. जे लोक याबरोबरच गाडी खाली पण घे म्हणतील त्यांचं आत्ता ऐकू नकोस, स्ट्रटची गाडी खाली घेतली की सस्पेन्शनची भूमिती अशी बदलते की कलण्याची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते, तो वेगळ्या पत्राचा विषय. आणि खराब रस्त्यांचं गाडीचं आयुष्य असेल तर हेही धरून चाल की एका चाकाखाली खड्डा आला की जाड बार दुसऱ्या चाकालाही त्यात ओढतो, डोकी डावी-उजवीकडे हलतात. मागे बसणाऱ्यांना ते तुझ्याआधी कळेल.

बसवताना दोन्ही चाकं सारखी उचललेली हवीत, एकच बाजू जॅकवर असेल तर बारला पीळ बसलेला असतो, लिंकचा बोल्ट निघत नाही आणि निघाला तर सळई उडून हातावर येते. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, स्टँड हवेतच. बुश नवीन घालायची, पॉलियुरेथेनची असतील तर सिलिकॉन ग्रीस भरपूर लावायचं नाहीतर काही दिवसांत जुन्या दारासारखी करकरतात. क्लॅम्प आणि लिंक शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. चाकं पूर्ण खाली लोंबकळलेली आणि पूर्ण वर दाबलेली, दोन्ही वेळेला बार ब्रेकच्या पाइपला, सायलेन्सरला, टाकीला कुठे लागत नाही ना ते बघ. काहीशे किलोमीटरनंतर परत एकदा आवळून घे. आणि एक, काही जुन्या स्ट्रटच्या गाड्यांमध्ये पुढचा बार लोअर आर्मला जागेवर धरून ठेवायचं काम पण करतो, त्यामुळे पुढचा बार काढून बघू काय होतं असले प्रयोग कुणीच करू नयेत, ही सूचना तुझ्यासारख्या सगळ्या वाचकांसाठी.

नंतर लगेच ओळखीच्या वळणावर जाऊ नकोस. मोठी मोकळी जागा शोध, मालकाला विचारून, आणि तिथे एकाच मोठ्या गोलात हळूहळू वेग वाढवत बघ की आधी पुढचं सुटतं की मागचं. मग कमी वेगात गोलात असतानाच पाय उचल आणि मागचं काय करतं ते बघ, कोरड्यात आणि नंतर ओल्यात. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असेल तर चालूच ठेव, तो मदत करतो, पण त्याच्या भरवशावर बार निवडायचा नाही. हवेचं प्रेशर दरवेळी तेच ठेव आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, टायर आणि बार एकाच दिवशी बदललेस तर कशाने काय झालं हे तुला कधीच कळणार नाही.

राहिला बाबांचा प्रश्न. तू तो सगळ्यात शेवटी विचारलास, मला वाटतं तोच आधी यायला हवा होता. माझी गाडी फिरली तेव्हा मला निदान माहीत तरी होतं की मी मागे काहीतरी केलंय. बाबा पाच वर्षं एका गाडीशी जुळवून घेऊन बसलेत, पाय उचलला की ती कशी वागते हे त्यांच्या पायाला पाठ आहे, आणि तू ते त्यांना न सांगता बदलणार. ते नाही म्हणतील ही भीती कळते मला, पण त्यांना "स्वे बार टाकतोय" असं सांगशील तर नाहीच म्हणतील, "टायर पाच वर्षांचे झालेत, पावसाळ्याआधी बदलूया" असं सांग, बघ काय म्हणतात. टायर बदलून, हवा नीट करून महिनाभर दोघांनी चालवा. मग बार टाकायचाच ठरला तर मऊ भोकाला लावून पहिली चावी त्यांच्या हातात दे, त्या मोकळ्या जागेतच, आणि तू बाजूच्या सीटवर बसून बेल्ट लाव.